सूड घेणारा नायक आणि विहिरीकांठचें मूल

गेल्या उन्हाळ्यांत आमचा आठ दिवस मुक्काम वाशीम येथें एका स्नेह्यांच्या घरीं होता. त्यांचे चिरंजीव इयत्ता सातवींत आहेत. दुपारीं घरांतील सर्व मंडळी पंख्याखालीं लवंडली असतां हे चिरंजीव चित्रकथांचा एक गठ्ठा उशाशीं घेऊन वाचीत पडलेले असावयाचे, आणि त्यांच्या मातोश्री दिवसांतून एकदां तरी आमच्याकडे वळून म्हणावयाच्या, "भावजी, तुम्हीच सांगा आतां ह्याला. आमच्या लहानपणीं गोष्टींतला शूर माणूस दुष्टांचें पारिपत्य करी आणि हंसत घरीं येई. ह्याच्या पुस्तकांतला शूर माणूस दुष्टांपेक्षांहि भयंकर दिसतो. बापाचा सूड, भावाचा सूड, आणि रात्रभर काळोखांत एकट्यानें बसून दांतओठ खाणें! हा काय नायक झाला?"

आम्हीं तो गठ्ठा मागून घेतला व दोन दुपारी त्यांत घालविल्या. वहिनींची तक्रार खोटी नव्हती. चित्रकथांतील महाबली पुरुष गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत काळवंडत चालला आहे, ही गोष्ट त्याचे चाहतेहि कबूल करितील. पूर्वी तो अपराध्यास दोरीनें बांधून पोलिसांच्या स्वाधीन करी. आतां तो त्याचीं हाडें मोडतो, आणि कित्येकदां जीवहि घेतो. पूर्वी कोणीतरी संकटांत हांक मारी म्हणून तो धांवे. आतां तो आपल्याच एका जुन्या जखमेभोंवतीं फिरत असतो. ह्यावर आपल्याकडील सुशिक्षितांचें उत्तर ठरलेलें आहे: हें सारें पाश्चात्त्यांचें खूळ, आपल्या परंपरेंतील नायक निर्मळ. हें उत्तर देणाऱ्यांनीं आपली परंपरा वाचलेली नसते, इतकेंच आम्हांस म्हणावयाचें आहे. सूडापायीं काळवंडलेला नायक आपल्या वाङ्मयांत तेराशें वर्षांपूर्वीच येऊन गेला. आणि त्याची कथा ज्या राज्याविषयीं सांगितली गेली तें राज्य विदर्भाचें. वाशीम मुक्कामीं बसून तिची आठवण होऊं नये हें कठीण होतें.

वाशीम हें आज बाहेरच्यांस बालाजीच्या मंदिरामुळें व पद्मतीर्थामुळें ठाऊक असतें. १९९८ सालीं अकोला जिल्ह्यांतून जो निराळा जिल्हा काढिला त्याचें तें मुख्य ठिकाण. परंतु ह्या गांवाचें जुनें नांव वत्सगुल्म, आणि साहित्याच्या अभ्यासकानें तें विसरूं नये असें आहे. राजशेखरानें काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्या ह्यांचा विवाह लाविला तो ह्याच नगरींत. म्हणजे टीकाकार मंडळींचें हें एका अर्थीं कुलस्थानच, व येथें बसून आम्हीं साहित्यावर चार शब्द बोलल्यास तो आगंतुकपणा ठरूं नये. वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करीत असे. दुसऱ्या विंध्यशक्तीचा वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथेंच सांपडला. ह्या शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा अमात्य वराहदेव ह्याचा लेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत आहे. हरिषेणानंतर हें भरभराटीचें राज्य पाहतां पाहतां नाहींसें झालें. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, ह्या नाशाची आठवण दण्डीच्या दशकुमारचरिताच्या आठव्या उच्छ्वासांत, म्हणजे विश्रुताच्या कथेंत, राहून गेली आहे; कथेंतील आदर्श राजा पुण्यवर्मा तो हरिषेण, आणि त्याचा व्यसनी पुत्र अनंतवर्मा तो हरिषेणाचा वारस. पुढें वॉल्टर स्पिंक ह्या अमेरिकन पंडितांनीं हेंच सूत्र धरून अजिंठ्याच्या लेण्यांचा कालक्रम लाविला. दण्डी हा सातव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा, दूर कांचीचा ग्रंथकार. त्याची कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, आणि ह्या मतावर आक्षेपहि आहेत. आमच्या विवेचनास मिराशींचें मत खरें ठरण्याची गरज नाहीं. एक मोठें राज्य बुडालें, आणि त्याच्या सुडाची गोष्ट पुढें कोणीं, कशी सांगितली, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

विश्रुत हा राजवाहनाच्या नऊ सोबत्यांपैकीं एक मंत्रिपुत्र. भटकत भटकत तो विंध्यारण्यांत येतो, तों एका विहिरीच्या कांठीं आठ वर्षांचें एक मूल त्याला दिसतें. तें भुकेनें व तहानेनें कासावीस झालें आहे. त्याच्यासाठीं पाणी काढतांना त्याचा म्हातारा सेवक विहिरींत पडला आहे. विश्रुत एक वेल खालीं सोडून म्हाताऱ्यास वर काढतो, बांबूच्या नळीनें पाणी काढून मुलास पाजतो, आणि दगड मारून उंच झाडावरचीं फळें पाडून त्यांस खाऊं घालतो. नायकाचा ह्या कथेंतील पहिला पराक्रम तो हा! त्यांत तलवार नाहीं, गर्जना नाहीं. दोर म्हणून एक वेल, पाण्याचे दोन घोट व चार फळें. हें दृश्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें अशी आमची विनंती आहे, कारण पुढें नायक स्वतःच तें हळूहळू विसरतो, असें आमचें मत आहे.

म्हातारा नालीजंघ मग मुलाची हकीकत सांगतो. मूल म्हणजे विदर्भाच्या भोजवंशी राजाचा पुत्र भास्करवर्मा. बाप अनंतवर्मा बुद्धिमान व कलावंत, पण दण्डनीतीचा कंटाळा असलेला. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्यास राज्यशास्त्राकडे लक्ष देण्याविषयीं कळकळीनें सांगतो. पण विहारभद्र नांवाचा एक खुशमस्कऱ्या त्याच शास्त्राची टर उडवितो. पहांटेपासून रात्रीपर्यंत राजानें केव्हां हिशेब तपासावा, केव्हां हेरांस भेटावें, केव्हां झोंपावें, ह्याचें जें वेळापत्रक शास्त्रकारांनीं आंखून दिलें आहे तें तो असें वाचून दाखवितो कीं, राजा होणें ही एक प्रकारची सक्तमजुरी वाटूं लागते. इतका बोचक विनोद संस्कृतांत आम्हांस फार थोडा आढळला आहे. त्यांतच शेजारच्या अश्मक देशाचा राजा वसंतभानु ह्याचा हस्तक चंद्रपालित, बापानें हांकलून दिलेल्या उनाड मुलाचें सोंग घेऊन, दरबारांत शिरतो व मृगया, द्यूत, स्त्रिया आणि मद्य ह्यांतील एकेका व्यसनाचे गुण राजास पटवून देतो. राज्य आंतून पोखरतें. मग वसंतभानु वनवासीच्या राजास चढाई करावयास लावितो, विदर्भाच्या मांडलिकांस फितवितो, आणि अनंतवर्म्याचा नाश होतो. त्या फितुरांनाहि लुटीवरून आपसांत झुंजवून वसंतभानु सर्व राज्य गिळंकृत करितो. विधवा राणी वसुंधरा मुलगा व मुलगी ह्यांसह माहिष्मतीस, आपल्या सावत्र दिराकडे, मित्रवर्म्याकडे जाते. तो तिच्यावर पापी नजर ठेवितो. ती झिडकारते तेव्हां तो मुलाच्या जिवावर उठतो. म्हणून मूल रानांत.

हें सर्व ऐकून, आणि मुलाच्या आईकडून आपलें त्याच्याशीं नातें निघतें हें कळून, विश्रुत त्याला पोटाशीं धरतो व प्रतिज्ञा करितो कीं, त्या अश्मकास डावपेंचांनींच जिंकून ह्या मुलास बापाच्या गादीवर बसवीन. येथपर्यंत आपण सर्व विश्रुताच्या बाजूचे. अन्याय उघड आहे, मूल निरपराध आहे, प्रतिज्ञा न्याय्य आहे.

आतां विश्रुत काय काय करितो तें पाहावें. एका व्याधाकडून त्यास कळतें कीं, प्रचंडवर्मा नांवाचा राजपुरुष मुलाच्या बहिणीशीं, तेरा वर्षांच्या मंजुवादिनीशीं, लग्न करण्यास माहिष्मतीस येत आहे व नगरींत उत्सव चालू आहे. विश्रुत लगेच नालीजंघास निरोप देऊन राणीकडे पाठवितो. मूल वाघानें खाल्लें अशी आवई उठवावयाची. राणीनें शोक करून मग मित्रवर्म्यास वश झाल्याचें ढोंग करावयाचें. वत्सनाभ विषाच्या पाण्यांत भिजविलेली पुष्पमाला घेऊन तिनें त्याच्या छातीवर व तोंडावर मारावयाची, आणि मारतांना म्हणावयाचें कीं, मी पतिव्रता असेन तर ही माळ तुला तलवार होवो. तो मरतो. तीच माळ उताऱ्याच्या औषधानें धुऊन ती मुलीच्या गळ्यांत घालते. मुलीस कांहीं होत नाहीं, म्हणून लोक राणीच्या सतीत्वाचा जयजयकार करितात. मग राणीकडूनच प्रचंडवर्म्यास निरोप जातो कीं, राज्यास धनी उरला नाहीं, मुलीबरोबर तेंहि आपणच घ्यावें. इकडे विश्रुत व तो कुमार कापालिकांच्या वेषानें श्मशानांत राहतात. पुढें विश्रुत डोंबाऱ्यासारखा खेळिया बनून प्रचंडवर्म्यापुढें सुऱ्यांचे खेळ करितो, आणि खेळतां खेळतां एक सुरी दुरूनच त्याच्या छातींत फेंकून मारतो. मारतांना वसंतभानूच्या दीर्घायुष्याची ललकारी देण्यास तो चुकत नाहीं. म्हणजे खुनाचें बालंट शत्रूवर! शेवटीं देवीच्या मंदिरांत मूर्तीच्या बैठकीखालीं आधींच खणून ठेविलेल्या भुयारांतून, राणीला पडलेल्या म्हणून सांगितलेल्या स्वप्नाप्रमाणें नेमक्या दिवशीं, तो मुलास घेऊन लोकांपुढें प्रकट होतो. देवीनेंच वाघिणीच्या रूपानें मूल संभाळिलें होतें असें लोक समजतात. त्याच स्वप्नांत देवीनें मंजुवादिनीचा वर कोण हेंहि सांगून ठेविलेलें असतें. तो वर अर्थात् विश्रुतच. आणि देवीस हें सुचविलें कोणीं, हें आपणांस ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, हें राजकारण आहे. जशास तसें वागणें शास्त्रास मान्य आहे. ह्यांत काळवंडणें कसलें? मित्रवर्म्यापुरता आम्ही हा युक्तिवाद मान्य करितों. तो मुलाच्या जिवावर उठला होता. परंतु प्रचंडवर्म्यानें त्या मुलाचें काय केलें होतें? तो गर्विष्ठ असेल, लोभी असेल, इतर कुमारांच्या वैऱ्याचा तो भाऊ आहे हेंहि खरें. तथापि विहिरीकांठच्या मुलाच्या दुःखांत त्याचा कवडीइतकाहि हात नाहीं. त्याला राज्याचें आमिष दाखवून बोलाविलें तें विश्रुतानेंच, आणि खेळ पाहत बसला असतां मारिलें तेंहि विश्रुतानेंच. सूड येथें आपल्या मार्गावरून सरकला. ज्यानें अपराध केला तो वसंतभानु दूर आपल्या राज्यांत सुखरूप आहे. मेला तो वाटेंत आडवा आला तो.

ह्याहूनहि एक गोष्ट आम्हांस अधिक बोंचते. चंद्रपालितानें सोंग घेतलें, विश्रुतानेंहि घेतलें. चंद्रपालितानें राजाच्या विलासप्रियतेचा फास केला. विश्रुतानें प्रजेच्या श्रद्धेचा केला. वसंतभानूनें मित्रांस मित्रांकडून मारविलें. विश्रुतानें एका विधवेच्या पातिव्रत्यालाच विषाचें भांडें बनविलें. दोन्ही पक्षांचें शास्त्र एकच, फक्त एका पक्षाजवळ मूल आहे. तें मूल काढून घेतलें तर विश्रुत व वसंतभानु ह्यांना ओळखून निराळे काढणें कठीण जाईल. आणि तें मूल तर कथेंतून खरोखरच सरकत जातें! आरंभीं तें बोलतें, रडतें, पाणी मागतें. पुढें त्याचा शब्द ऐकूं आल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. श्मशानांत तें बरोबर आहे, भुयारांत बरोबर आहे, मूर्तीमागून बाहेर येतांना बरोबर आहे. पण तें तहानलें आहे कीं नाहीं, काळोखांत भ्यालें कीं नाहीं, आपल्या आईस पाहून त्यास काय वाटलें, हें विश्रुत विचारीत नाहीं. ज्याच्यासाठीं सर्व चाललें आहे तेंच त्या सर्वाचें एक उपकरण होऊन बसतें.

दण्डीस हें कळत होतें काय? आमच्या मतें चांगलें कळत होतें. त्यानें ही कथा आपल्या तोंडून न सांगतां विश्रुताच्या तोंडून सांगविली आहे, आणि तीहि बरोबरीच्या मित्रांच्या बैठकींत, जेथें जो तो आपापली फुशारकी सांगत आहे. अशा बैठकींत पश्चात्तापास जागा नसते. विश्रुत आपल्या युक्त्या ज्या चवीनें वर्णितो तीच त्याच्यावरील टीका आहे. ग्रंथकारास निराळा शब्द घालावा लागत नाहीं. ही रीति आधुनिक चित्रकथाकारांसहि सांपडली. फ्रँक मिलर ह्यानें १९८६ सालीं बॅटमॅनची जी प्रसिद्ध वार्धक्यकथा लिहिली तींत चौकटीचौकटींतून नायकाचें स्वगत चालतें, आणि आपण त्या स्वगतांत इतके गुंततों कीं, चित्रांत तो काय करीत आहे ह्याकडे दुसऱ्या वाचनांतच नीट लक्ष जातें.

येथून आम्हांस पुन्हां त्या उशाच्या गठ्ठ्याकडे यावयाचें आहे. दण्डीच्या कथेंतून जी कसोटी मिळाली ती तेथें लावून पाहिली असतां कांहीं गोष्टी स्पष्ट होतात. नायक किती मारतो ह्यावर त्याचें काळेपण मोजूं नये. त्याच्या शेजारचें मूल त्याला दिसतें आहे कीं नाहीं, तें पाहावें.

आमच्या पिढीस ह्या जातीच्या कथांचा परिचय झाला तो इंद्रजाल कॉमिक्समुळें. टाइम्स ऑफ इंडियानें १९६४ सालीं सुरू केलेल्या ह्या पुस्तिका मराठींतहि निघत, आणि १९९० सालीं त्या बंद पडल्या तेव्हां पुष्कळ घरांत हळहळ झाली. त्यांतील मुख्य नायक वेताळ, म्हणजे ली फॉक ह्यानें १९३६ सालीं निर्माण केलेला फँटम. ह्याचें मूळहि सूडच. सोळाव्या शतकांत चांच्यांनीं ज्याच्या बापास मारिलें असा एक तरुण वाहत किनाऱ्यास लागतो, आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. परंतु शपथ त्या मारेकऱ्याविरुद्ध नाहीं, तो तर मेलेलाच आहे. ती चांचेगिरी, लोभ, क्रौर्य व अन्याय ह्यांविरुद्ध आहे, आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. सूडाचें असें व्रत झालें म्हणूनच वेताळ एकवीस पिढ्या हिंडूनहि काळवंडला नाहीं. त्याच्या घरीं पुढील वेताळ सदैव वाढत असतो. अर्थात् आफ्रिकेंतील अरण्यावर गोऱ्या पुरुषाचें राज्य हा त्या कथांतील दोष आहेच. इंद्रजालच्या संपादकांनीं देशाचें नांव डेंकाली असें बदलून तो झांकला, पण घालविला नाहीं.

त्याच मालेंत १९७६ सालीं आबिद सुरती ह्यांनीं बहादुर हा आपल्या मातींतील नायक आणिला, व गोविंद ब्राह्मणिया ह्यांनीं त्यास रूप दिलें. आमच्या मतें सूडाच्या प्रश्नास इतकें सरळ भिडणारें दुसरें पात्र आपल्या चित्रकथांत नाहीं. बहादुरचा बाप दरोडेखोर. त्यास मारणारा पोलीस अधिकारी विशाल. आणि पोरक्या बहादुरास वाढविणाराहि तोच विशाल! सूड घेण्यास निघालेला मुलगा सत्य कळल्यावर थांबतो, आणि पुढें दरोडेखोरांपासून गांवांचें रक्षण करणारें नागरिकांचें दल उभें करितो. येथें विहिरीकांठचें मूल व नायक एकच आहेत, आणि मुलास पाणी पाजणारा हात हाच बापास मारणारा हात आहे. ह्या गांठीपुढें सूडाची सुरी चालत नाहीं. कथानकाची मांडणी कोठें कोठें ढोबळ आहे हें आम्ही नाकारीत नाहीं; पण कल्पना थोर आहे.

नंतर काळ बदलला. दिल्लीच्या राज कॉमिक्सनें १९९० नंतरच्या दशकांत हिंदी पुस्तिकांत डोगा आणिला. हा आपल्या मुंबईचा नायक: कुत्र्याचा मुखवटा, दोन्ही हातांत बंदुका, आणि गुन्हेगारास न्यायासनापुढें नेण्याची मुळींच इच्छा नाहीं. त्याची जन्मकथा मात्र मन हलविणारी आहे. उकिरड्यावर टाकलेलें हें तान्हें एका दरोडेखोरास सांपडतें, आणि पोलिसांनीं गोळी झाडूं नये म्हणून तो त्यास ढालीसारखें वापरीत जातो. भुयारांतील भास्करवर्म्याची आम्हांस येथें आठवण झाली. मुलास ढाल करणारा तो दुष्ट, हें चित्रकथाकारानें स्पष्ट सांगितलें. विश्रुताच्या बाबतींत तें सांगण्यास आमच्यासारख्यांस तेराशें वर्षांनीं लेख लिहावा लागतो. डोगाचा संताप आम्हांस समजतो. पुढील पुस्तिकांत मात्र तो संतापच तेवढा उरतो व गोळ्यांचा आवाज वाढत जातो. एकामागून एक वाचल्या तर कंटाळा येतो. वहिनींनीं घाबरावें तें ह्या कंटाळ्यास, रक्तास नव्हे. ज्या मुलास मारामारीचा कंटाळा येत नाहीं त्याच्याकडे मात्र लक्ष असावें.

पण सर्वांत बोधप्रद, व सर्वांत उद्वेगजनक, इतिहास बॅटमॅनचाच. १९३९ सालीं निघालेल्या ह्या नायकाचें मूळ असें कीं, लहानपणीं त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईबापांस एका लुटारूनें गोळ्या घातल्या. सूडाचा नायक व अनाथ मूल हीं येथेंहि एकाच शरीरांत आहेत. १९४० सालीं त्याच्या शेजारीं रॉबिन हा दुसरा अनाथ मुलगा आणून ठेविला, आणि कथा एकदम उजळली: नायकास बोलावयास कोणी मिळालें, त्याला शिकवावयाचें होतें, त्याला जपावयाचें होतें. पुढें हा रॉबिन मोठा झाला व त्याच्या जागीं जेसन टॉड नांवाचा दुसरा आला. हा वाचकांस फारसा रुचेना. तेव्हां १९८८ सालीं प्रकाशकांनीं एक अपूर्व गोष्ट केली. जोकर ह्या खलपुरुषानें मुलास मारमारून स्फोटांत टाकिलें, एवढ्यावर अंक थांबवून त्यांनीं दोन दूरध्वनि-क्रमांक छापिले: मुलगा जगावा असें वाटत असेल तर एकावर कळवा, मरावा असें वाटत असेल तर दुसऱ्यावर. जगण्याच्या बाजूनें ५,२७१ कौल पडले, मरणाच्या बाजूनें ५,३४३. अवघ्या ७२ कौलांनीं मूल मारिलें गेलें.

नायक शेजारचें मूल विसरतो असें आम्हीं दण्डीविषयीं म्हटलें; येथें तर वाचकांनींच तें मागून मारविलें. आणि पुढें झालें तें अगदीं अपेक्षेप्रमाणें. बॅटमॅन जोकराच्या मागें लागला, पण शेवटीं जोकराचें हेलिकॉप्टर कोसळलें आणि प्रेत सांपडलें नाहीं. सांपडणार कसें? पुढच्या महिन्याच्या अंकास शत्रु हवा! सूड पुरा होऊं द्यावयाचा नाहीं, पण सूडाची आग विझूं द्यावयाची नाहीं, ह्या कात्रींत नायक सांपडला. त्याचे प्रहार बेभान होऊं लागले, स्वतःच्या जिवाचीहि पर्वा उरली नाहीं. १९८९ सालीं टिम ड्रेक नांवाचा एक चाणाक्ष मुलगा आपण होऊन त्याच्या दारीं येतो व सांगतो कीं, बॅटमॅनला रॉबिन हवाच. रॉबिनला बॅटमॅन हवा, असें तो म्हणत नाहीं. धंद्याच्या गणितानें चालणाऱ्या त्या लेखकमंडळींस आपली चूक कळली होती असें ह्यावरून दिसतें, आणि ती कबूल करण्याचें काम त्यांनीं मुलाकडेच सोंपविलें ही गोष्ट आम्हांस आवडली.

आतां दण्डीसंबंधीं एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि ती थोडी आमच्याच म्हणण्याच्या आड येते. मासिक अंकांच्या सोयीसाठीं सूड लांबणीवर पडतो, असें आम्हीं आतांच म्हटलें. परंतु दण्डीस तर दरमहा अंक काढावयाचा नव्हता, आणि तरीहि त्याच्या ग्रंथांत विश्रुताचा सूड पुरा झालेलाच नाहीं. आठवा उच्छ्वास अर्धवट तुटतो. माहिष्मती हातीं आली आहे, लोक विश्रुतास देवाचा माणूस समजत आहेत, मित्रवर्म्याचा मंत्री आर्यकेतु पारखून घेतला आहे, आणि विश्रुत राज्यरूपी वृक्षाच्या मुळांचा व फांद्यांचा विचार करीत बसला आहे. ज्या शास्त्राचा त्या मुलाच्या बापास कंटाळा होता तें आतां विश्रुताच्या जिभेवर आहे. पण विदर्भ अद्याप वसंतभानूकडेच आहे, आणि वसंतभानु जिवंत आहे. ग्रंथ तेथें कां तुटला, ह्याविषयीं तर्क करण्यांत अर्थ नाहीं. पुढें उत्तरपीठिका म्हणून जो भाग जोडलेला मिळतो तो दण्डीचा नव्हे असें पंडितांचें सामान्यतः मत आहे. त्यांत विश्रुत वसंतभानूस समोरासमोर गांठून ठार मारतो, सैन्य शरण येतें, आणि भास्करवर्मा गादीवर बसतो. सर्व कसें यथासांग! ज्यानें सबंध कथेंत एकहि शत्रु उघड मैदानांत मारिला नाहीं तो शेवटीं एकाएकीं रणधुरंधर होतो. जोडणारास नायकाची लाज वाटली असावी. त्याचे काळे हात शेवटच्या पानावर धुऊन टाकावे असें त्याच्या मनांत आलें असावें. दण्डीस तशी निकड भासली नव्हती.

वाशीमहून निघण्याच्या आदल्या रात्रीं गच्चीवर आम्हीं ही कथा त्या चिरंजीवांस सांगितली. विषाच्या माळेचा भाग थोडा सौम्य केला. सुऱ्यांचा खेळ त्यांस फारच आवडला. त्यांनीं एकच प्रश्न विचारिला, तो असा कीं, भुयारांत त्या मुलाला किती वेळ बसावें लागलें. दण्डीनें तें सांगितलेलें नाहीं, असें उत्तर आम्हीं दिलें. ज्या वाचकांस मूळ ग्रंथ पाहावयाचा असेल त्यांनीं आठवा उच्छ्वास वाचून त्या दिवशीं तेथेंच थांबावें. उत्तरपीठिका दुसऱ्या दिवशीं वाचली तरी चालेल.